मांडवीकाठचे शहर आणि ओव्या

जुन्या गोव्यासमोरून वाहणारी मांडवी ही आपल्याच जिल्ह्यातली लेक. खानापूर तालुक्यात देगावच्या रानात ती उगम पावते. तिथे तिला म्हादई म्हणतात. सह्याद्री उतरून गोव्यात गेली की खाली खाली तिचे नाव मांडवी होते. कॅम्पातल्या आपल्यापैकी बहुतेकांना म्हादई आठवते ती पाण्याच्या तंट्याच्या बातम्यांमुळे. पण चोर्ला घाटाने जुन्या गोव्याला जाणारा प्रत्येक भाविक तिच्याच खोऱ्यात उतरत असतो.

आणि भाविक म्हणून आपण तिथे जातोही खूप. संत फ्रान्सिस झेवियर यांचे ३ डिसेंबरचे फेस्त, त्याआधीची नोवेना, शिवाय दर दहा वर्षांनी होणारे पवित्र अवशेषांचे दर्शन. नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मधल्या दर्शनाला आपल्या धर्मग्रामातलेही अनेक जण जाऊन आले. जाण्याची रीत ठरलेली असते. रांग, मेणबत्ती, मिस्सा, फेरीतले चणे आणि खाजे, आणि मग पोरांच्या हट्टाखातर कळंगुटचा समुद्र. जुने गोवे हे एक शहर होते आणि ते शहर म्हणून पाहायचे असते, हे राहूनच जाते. खरे सांगायचे तर तिथे शहर दिसतही नाही. माड, हिरवळ आणि त्यांच्यामध्ये एकमेकांकडे पाहत उभी असलेली प्रचंड चर्च. घरे कुठे गेली, हा प्रश्न मनात येण्याआधी गाडी सुटलेली असते.

म्हणून यंदा गर्दी ओसरल्यावर आम्ही पाच जणांनी, म्हणजे मी, हे, सासूबाई, थोरली आणि धाकटा, एक अख्खा दिवस त्या शहरासाठी ठेवला. समुद्र नाही, हे आधीच सांगून ठेवले होते. धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले अलीकडे जे विचारतात त्याची उत्तरे मलाही जागेवर उभे राहून शोधायची होती.

आम्ही नदीकडून सुरुवात केली. पूर्वी शहरात शिरायचे ते नदीकडूनच. पोर्तुगीज येण्याआधीही इथे भरभराटीचे बंदर होते. बहमनींचा वजीर महमूद गवान याने १४७२ मध्ये गोवा घेतला आणि लगेच पुढच्या वर्षी आपले बेळगाव. पुढे ही दोन्ही ठिकाणे विजापूरच्या आदिलशाहीकडे गेली. अरबस्तान आणि होर्मुझहून येणारे घोडे या धक्क्यावर उतरत आणि घाट चढून दख्खनच्या फौजांमध्ये जात. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, आफोन्सो दे आल्बुकर्कने शहर जिंकले. त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली. हे कुणा विरोधकाने लिहिलेले नाही, आल्बुकर्कने स्वतःच आपल्या राजाला पत्राने कळवले. जिथून तो आत शिरला असे मानतात तिथे संत कॅथरिनचे छोटे चॅपल आहे. सासूबाई तिथे आत जाऊन बसल्या आणि बराच वेळ जपमाळ ओढत राहिल्या. कुणासाठी, ते मी विचारले नाही.

धक्क्यावरून वर येताना व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा इथे व्हाइसरॉय होता, त्याने ती १५९९ च्या सुमारास पणजोबांच्या स्मरणार्थ बांधली. आज आपण पाहतो ती १९५४ मध्ये पुन्हा उभारलेली. लिस्बनहून नवा व्हाइसरॉय आला की या कमानीखालून वाजतगाजत शहरात जाई. कमानीपासून निघणारा सरळ रस्ता हा शहराचा बाजार. आर्चबिशपांचा सचिव म्हणून १५८३ मध्ये इथे आलेला लिन्सखोटेन नावाचा डच माणूस त्या बाजाराचे वर्णन करून गेला आहे. सकाळी तिथे लिलाव चालत. रेशीम, घोडे, दागिने, आणि माणसेही. गुलाम बायामाणसे. अवतीभवती चर्चच्या घंटा वाजत असताना. आता तो रस्ता शांत आहे, दोन्ही बाजूंना झाडे आहेत, आणि त्यावर आमच्या धाकट्याने शर्यत लावली.

उजवी-डावी न सांगता एवढेच सांगते की संत कायतान यांच्या चर्चच्या आवारात एक एकटीच दगडी चौकट उभी आहे, ती चुकवू नका. आदिलशहाच्या वाड्याचे दार म्हणून ती ओळखली जाते. वाडा गेला, चौकट राहिली. काळा दगड आहे, जांभा नव्हे. “हे तर आपल्याकडच्या देवळाच्या दारासारखं दिसतं गं,” सासूबाई म्हणाल्या. दिसते खरे. पाठीमागचे चर्च मात्र रोमच्या संत पेत्राच्या महामंदिराच्या धर्तीवर घुमट घेऊन उभे आहे.

सी कॅथेड्रलचे बांधकाम १५६२ मध्ये सुरू झाले आणि संपायला १६१९ उजाडले. दोनपैकी एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला नाही. आत चमत्काराच्या क्रुसाचे चॅपल आहे, तिथे आम्ही घरच्या आजारी माणसांची नावे घेतली. त्यावर जास्त लिहीत नाही, तुम्ही सगळे तिथे गुडघे टेकून आला आहात.

बॉम जेझूकडे मात्र थांबायला हवे. २४ नोव्हेंबर १५९४ रोजी पायाभरणी आणि १५ मे १६०५ रोजी अभिषेक झालेले हे चर्च आज उघड्या जांभ्याच्या चिऱ्यांचे दिसते, कारण गेल्या शतकात त्याचा गिलावा काढून टाकला. पावसात चिरे झिजतात म्हणून तो परत द्यावा असे म्हणणारे आहेत, आणि मला ते पटते. जांभा किती पाणी पितो हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आत संत फ्रान्सिस झेवियर. ६ मे १५४२ रोजी ते या शहरात आले तेव्हा पोपचे प्रतिनिधी होते, पण राहायला गेले ते इस्पितळात. रोग्यांची सेवा, तुरुंगातल्या कैद्यांची भेट, रविवारी महारोग्यांकडे मिस्सा. हातात घंटा घेऊन रस्त्यातून फिरायचे आणि पोरे गोळा करून चर्चमध्ये न्यायचे, धर्मशिक्षणासाठी. रविवारी सकाळी वर्गाच्या दारात उभे राहून मुलांची वाट पाहताना मला ती घंटा फार आठवते. दहा वर्षांत ते मलाक्का, मोलुक्का बेटे, जपान असे फिरले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर वारले. देह गोव्यात पोहोचला मार्च १५५४ मध्ये. चांदीची पेटी १६३६-३७ मध्ये गोव्याच्याच सोनारांनी घडवली. खालचा संगमरवरी चौथरा टस्कनीच्या ड्यूकची भेट. तो फ्लॉरेन्सच्या फोज्जिनी या शिल्पकाराने केला आणि १६९८ मध्ये इथे बसवला. ज्या उजव्या हाताने त्यांनी हजारोंना बाप्तिस्मा दिला तो कोपरापासून खाली १६१४ मध्येच रोमला गेला.

या पेटीसमोर आमच्या थोरलीने एक गोष्ट काढली. नववीत आहे, इतिहास वाचते. नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने इथून जवळच्या जुवें बेटावरचा, म्हणजे सांत इस्तेव्हचा, किल्ला घेतला. तो परत घ्यायला गेलेला व्हाइसरॉय मार खाऊन परतला. शहर आता पडणार असे सगळ्यांना वाटले. तेव्हा व्हाइसरॉयने ही पेटी उघडवली आणि संतांच्या देहापाशी आपला अधिकारदंड ठेवला. शहर तुम्हीच सांभाळा, अशी प्रार्थना केली. मराठी परंपरा हीच गोष्ट पलीकडच्या काठावरून सांगते. भरतीच्या पाण्यात महाराजांनी घोडा घातला आणि खंडो बल्लाळने त्यांना वाचवले. शेवटी शाह आलमची मोगल फौज आपल्या बेळगाव मुलखातून रामघाटाने कोकणात उतरू लागली आणि महाराजांना मागे फिरावे लागले.

धाकटा ऐकत होता. बेळगावची शिवजयंतीची मिरवणूक तो एकही वर्ष चुकवत नाही. त्याने पेटीकडे पाहिले, मग वडिलांकडे, आणि विचारले, “पप्पा, मग आपण कुणाच्या बाजूने?”

हे म्हणाले, “बाहेर जाऊन बोलू.” बाहेरही त्यांना लगेच उत्तर सापडले नाही.

वर्गात हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो. शाळेत कुणीतरी म्हणालेले असते, तुम्ही तर पोर्तुगीजांचे. मी त्याला तिथेच, पायऱ्यांवर बसून, जे सांगितले ते असे. झेवियर तेव्हा वारून १३१ वर्षे झाली होती. दंड ठेवणाऱ्याने ठेवला, पण संतांनी तो जन्मात हाती धरला नव्हता. महाराज लढत होते ते आपल्या मुलखासाठी, आणि आपले पणजे-खापरपणजे ज्या भाषेत बोलत त्या भाषेच्या राज्यासाठी. त्या पेटीसमोर गुडघे टेकणे म्हणजे व्हाइसरॉयच्या बाजूने उभे राहणे नव्हे. त्याचे समाधान झाले असे वाटले नाही. त्याने चणे मागितले.

पण मुलांना अर्धेच सांगायचे नाही असे मी ठरवले आहे, म्हणून उरलेले अर्धेही पाहायला गेलो. कॅथेड्रलसमोरच्या चौकात, आता जिथे नुसती मोकळी जागा आहे, तिथे धर्मन्यायपीठाचा वाडा होता. १५६० मध्ये ते सुरू झाले, १७७४ मध्ये बंद झाले, १७७८ मध्ये परत आले आणि १८१२ मध्ये कायमचे गेले. झेवियर यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी ते आले हे खरे. पण १५४६ च्या मे महिन्यात अंबोईनाहून राजाला लिहिलेल्या पत्रात झेवियर यांनीच त्याची मागणी केली होती, हेही खरे. आपल्या प्रवचनांत हे येत नाही. मला वाटते यावे. संत म्हणजे प्रत्येक बाबतीत बरोबर असलेला माणूस, असे ख्रिस्तसभेने कधी शिकवलेले नाही. पेत्राची गोष्ट तर आपण दर वर्षी दुःखसहनाच्या आठवड्यात वाचतो.

त्या वाड्यात उभे केले गेले ते बहुतेक बाप्तिस्मा घेतलेलेच लोक, म्हणजे आपलेच. देल्लों नावाचा फ्रेंच वैद्य, स्वतः कॅथलिक, तिथल्या कोठडीत राहून सुटला आणि १६८७ मध्ये त्याने सारे छापून टाकले. पुढे १७३६ चा एक हुकूम आहे, त्यात गोव्यातल्या ख्रिस्ती घरांनी काय करू नये याची लांबलचक यादी आहे. अंगणात तुळस ठेवू नये. धोतर नेसू नये. मीठ न घालता भात शिजवू नये. लग्नघरात ओव्या म्हणू नयेत.

शेवटचे ऐकून सासूबाई हसल्याच. त्यांच्या लग्नात नारळाच्या रसाच्या वेळी बायका रात्रभर ओव्या म्हणत होत्या. “बंदी करून काय झालं?” त्या म्हणाल्या. त्याआधी २७ जून १६८४ रोजी, म्हणजे मराठी फौजा परतल्यावर काही महिन्यांतच, त्याच व्हाइसरॉयने कोकणीवर बंदी घातली होती. तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज बोलावे असा हुकूम. त्याचे काय झाले ते आज म्हापशाच्या बाजारात उभे राहिले की कळते.

१२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये सत्याच्या नावाने केलेल्या जबरदस्तीबद्दल जाहीरपणे क्षमा मागितली. योगायोग असा की १६२२ मध्ये झेवियर यांना संतपद दिले गेले तीही १२ मार्चच.

दुपारी डबा खाऊन टेकडीवर गेलो. संत ऑगस्टीनच्या मठाचा ४६ मीटरचा मनोरा तिथे अर्धा उरला आहे. १६०२ मध्ये मठ पुरा झाला. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने संन्यासी संघ बरखास्त केले, सात वर्षांत छत कोसळले, आणि १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि निम्मा मनोरा. घंटा आधीच पणजीच्या चर्चला गेली होती. एक मठच काय, सारे शहरच असे गेले. जांभ्यातून सांडपाणी विहिरींत झिरपे, त्यातून साथी येत, एकामागून एक. १७५९ मध्ये व्हाइसरॉय पणजीला राहायला गेला आणि १८४३ मध्ये राजधानीही. रिकाम्या घरांचे चिरे लोकांनी उचलून नेले. घरे कुठे गेली, त्याचे उत्तर हे.

या पडक्या मठात जॉर्जिया देशाची एक राणी सापडली. केतेवान. इराणच्या शाह अब्बासने धर्म सोडायला सांगितले, तिने नकार दिला, आणि १६२४ मध्ये शिराझला तिला हाल करून मारले. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिच्या अस्थी इथे आणून ठेवल्या होत्या. पुरातत्त्व खात्याला उत्खननात हाड मिळाले, हैदराबादच्या प्रयोगशाळेने डीएनए तपासून २०१३ मध्ये ते तिचेच असावे असे सांगितले, आणि जुलै २०२१ मध्ये भारताने एक अस्थी जॉर्जियाला भेट दिली. ढिगाऱ्यात बसून ही गोष्ट ऐकताना धाकटा पहिल्यांदा गप्प झाला. जबरदस्तीने धर्म बदलायला लावलेल्या राणीची हाडे, आणि ती जपणारे शहर तेच, ज्याच्या चौकात न्यायपीठाचा वाडा होता.

शिष्य एकदा यरुशलेमेच्या मंदिराचे भलेमोठे दगड प्रभूला कौतुकाने दाखवत होते, आणि प्रभू त्यांना जे म्हणाला ते तुम्हाला पाठ आहे. शिष्यही तिथे आपल्यासारखे बघायलाच आलेले होते.

निघताना एक जागा राहिली होती. संत पाउल महाविद्यालयाची कमान. रस्त्याकडेला एकटीच उभी आहे, मागे काही नाही. बसगाड्या तिथे थांबत नाहीत. याच महाविद्यालयात ६ सप्टेंबर १५५६ रोजी उतरलेला छापखाना बसला, भारतातला पहिला. दुसऱ्याच वर्षी झेवियर यांची धर्मशिक्षणाची पुस्तिका त्यावर छापली. या कॉलेजामुळे गोव्यात येशूसंघीयांना लोक पाउलिस्त म्हणत. कॅम्पात सेंट पॉल्स शाळेवरून रोज जाणाऱ्या मुलांना हे सांगायला मजा येते.

आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी या शहरात फादर थॉमस स्टीफन्स उतरले. विल्टशरचा इंग्रज तरुण, तिशीचा. नंतरचे बहुतेक आयुष्य त्यांनी इथून दक्षिणेला साष्टीत काढले. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीला देवळे मोडल्याच्या रागातून गावकऱ्यांनी पाच येशूसंघीयांना ठार केले. ते देह मिळवून आणायचे काम फादर स्टीफन्स यांच्याकडे आले. त्यानंतर पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावले आणि मारले.

हे सर्व ज्याने जवळून पाहिले, त्याने पुढे काय केले? तो मराठी शिकला. नुसती बोलण्यापुरती नव्हे. जुन्या कवींची ओवी त्याने अंगी आणली. नवख्रिस्ती लोक म्हणत होते की जुनी पुराणे तर आमच्याकडून गेली, आता वाचायला काहीतरी द्या. तेव्हा त्यांनी जगाच्या उत्पत्तीपासून प्रभू येशूच्या स्वर्गारोहणापर्यंत सारे सुमारे अकरा हजार ओव्यांत रचले. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोलला छापले गेले, रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा. चर्चमध्ये रविवारी आणि सणाला त्याचे वाचन होई. ज्या शहराने कोकणी बंद करायचा हुकूम काढला, त्याच्याच राज्यात त्याआधी ६८ वर्षे हे घडले होते.

त्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठे असल्याचे माहीत नाही. पोथी उरली ती लोकांनी हाताने नकलून ठेवली म्हणून. त्या नकलांवरून १९०७ मध्ये मंगळूरला ती पुन्हा छापली गेली, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यात देवनागरीत आणली.

कमानीपाशी उजेड उतरला होता, म्हणून फार थांबलो नाही. बाणस्तारी, माशेल, आमोणे करत साखळीला आलो, चहा घेतला आणि केरीहून घाटाला लागलो. चोर्ल्यात फोनला रेंज नसते. मुलांकडे करण्यासारखे काही नव्हते, म्हणून मी पिशवीतून बंडेलूंची प्रत काढली आणि गाडीतल्या दिव्याच्या उजेडात एक पान वाचायला घेतले. जुनी भाषा, मी अडखळत होते. तिसऱ्या-चौथ्या ओवीला सासूबाईंनी मला थांबवले. “अगं, अशी नाही म्हणायची,” म्हणाल्या, आणि लग्नघरात म्हणतात त्या चालीवर त्यांनी ती ओवी म्हणून दाखवली. शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकलेले, पण चालीत नीट बसले. मग मी एकेक ओळ वाचायची आणि त्यांनी म्हणायची, असे कणकुंबीपर्यंत चालले. धाकटा शेवटच्या चरणाला सूर लावत होता. थोरलीने विचारले की उरलेल्या ओव्या किती.